मामा, आपल्याकडे शेरीफ का नाही?

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती. बाहेर ऊन रणरणत होतं. आमचे भाचेबुवा (इयत्ता सातवी, तुकडी ब) टीव्हीपुढे मांडी ठोकून बसले होते. टीव्हीवर जुना वेस्टर्न चालू होता. वेस्टर्न म्हणजे तो काउबॉयचा सिनेमा हो! धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं. एका टोकाला काळी टोपी घातलेला गुंड, दुसऱ्या टोकाला छातीवर पत्र्याचा तारा लावलेला शेरीफ. गावकरी पटापट खिडक्या लावून घेतात. दोघं डोळे बारीक करून एकमेकांकडे बघतात आणि मग... ठो! गुंड आडवा. गाव सुखी. सिनेमा संपला.

भाचेबुवांनी टीव्ही बंद केला आणि मोठ्ठा उसासा टाकला.

"मामा, आपल्याकडे असा शेरीफ का नाही?"

"का रे बाबा? कोणाला उडवायचंय?"

"त्या शाळेजवळच्या दुकानदाराला!"

मी उडालोच. खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे प्रकरण बाहेर आलं. शनिवारी शाळा सुटल्यावर स्वारीने थंड पेयाची बाटली घेतली. बाटलीवर किंमत छापलेली २० रुपये. दुकानदाराने घेतले २५. "असं का?" विचारलं, तर म्हणाला, "थंड करायचे पाच. जास्त शहाणपणा करू नकोस. नको असेल तर ठेव."

पाच रुपयांपेक्षा तो 'शहाणपणा' त्याला जास्त लागला होता, हे माझ्या लक्षात आलं.

चहाच्या वेळी हा विषय घरात निघाला आणि प्रत्येकाने आपापलं मत देऊन टाकलं. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी हवालदार नुसती काठी आपटत गेला तरी बाजार चिडीचूप व्हायचा. आता वचकच राहिला नाही!" शेजारचे काका म्हणाले, "कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे लावा, सगळे सरळ होतील." आजी म्हणाली, "दुकानदाराला विजेचं बिल येतंच की!" आणि माझी बहीण, म्हणजे भाचेबुवांची आई, म्हणाली, "पाच रुपयांसाठी कोण भांडत बसणार? सोडून द्या."

मतं भरपूर झाली. चहाही संपला. पण त्या सातवीतल्या मुलाने नक्की काय करायचं, हे कोणीच सांगितलं नाही. म्हणून म्हटलं, आधी त्याच्या लाडक्या शेरीफचीच खरी गोष्ट सांगावी.

तारा लावलेला माणूस

'शेरीफ' हा शब्द मूळचा इंग्लंडमधला. तिथे 'शायर' म्हणजे परगणा किंवा जिल्हा, आणि 'रीव' म्हणजे कारभारी. शायरचा रीव तो शेरीफ! म्हणजे मुळात हा माणूस पिस्तूलवाला नव्हताच. तो होता कारभारी. आपल्या मुंबईलाही शेरीफ होते बरं का! मराठीत त्यांना नगरपाल म्हणत. एका वर्षासाठी मिळणारं ते मानाचं पद. १९९४ साली आपले सुनील गावसकर मुंबईचे शेरीफ झाले होते. त्यांच्या कमरेला पिस्तूल नव्हतं आणि समोर काळ्या टोपीवालाही नव्हता!

पिस्तूलवाला शेरीफ घरोघरी पोचवला तो टीव्हीने. अमेरिकेत १९५५ साली 'गनस्मोक' नावाची मालिका सुरू झाली. ती चालली १९७५ पर्यंत, तब्बल वीस वर्षं! भाग झाले ६३५. जेम्स आर्नेस नावाच्या नटाने त्यात मार्शल मॅट डिलनचं काम केलं. मार्शल हाही कायदा राखणारा अधिकारीच. मालिकेतलं गाव होतं कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी. आठवड्यातून एकदा तिथे गोळीबार व्हायचाच.

आता गंमत ऐका. डॉज सिटी हे खरंखुरं गाव आहे. १८७२ साली तिथे रेल्वे आली. मग टेक्सासमधून गुरांचे मोठमोठे कळप हाकत काउबॉय तिथे यायचे आणि गुरं रेल्वेत चढवायचे. महिनोन् महिने उन्हातान्हात राबलेले तरुण. हातात पगार आणि कमरेला पिस्तूल. भांडणं होणारच! मग गावाने काय केलं? जास्त पिस्तुलं असलेला शेरीफ आणला? छे! गावाने नियम केला: गावात पिस्तूल घेऊन फिरायचं नाही. त्या काळातला रस्त्याचा एक फोटो आजही पाहायला मिळतो. रस्त्यात मोठा फलक उभा आहे, 'शस्त्र बाळगण्यास सक्त मनाई'. आणि त्याच फलकावर खाली एका कडू औषधी काढ्याची जाहिरात! म्हणजे आपल्याकडच्या नो पार्किंगच्या पाट्यांसारखंच की.

"म्हणजे सिनेमात दाखवतात ते खोटं?" भाचेबुवांचा चेहरा पडला.

"सगळंच खोटं नाही. एक खरी लढाई सांगतो."

तीस सेकंद आणि एक महिना

ॲरिझोनात टूम्बस्टोन नावाचं चांदीच्या खाणींचं गाव आहे. १९ एप्रिल १८८१ रोजी तिथेही नियम झाला: गावात आलात की शस्त्र ठेवून द्या आणि मग खुशाल हिंडा. २६ ऑक्टोबरला काही काउबॉय शस्त्रं घेऊन गावात फिरत असल्याची खबर आली. गावचा मार्शल होता व्हर्जिल अर्प. तो आपले भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि मित्र डॉक हॉलिडे यांना घेऊन शस्त्रं काढून घ्यायला गेला. एका मोकळ्या जागेत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि गोळ्या सुटल्या. जेमतेम तीस सेकंद! तेवढ्यात सुमारे तीस गोळ्या झाडल्या गेल्या आणि तीन माणसं मेली. ओके कोराल नावाच्या गुरांच्या वाड्याजवळ घडलेल्या या चकमकीवर कितीतरी सिनेमे निघाले.

सिनेमात आपल्या डोक्यात राहतात ती ही तीस सेकंदं. पण पुढे काय झालं? अर्प बंधू आणि हॉलिडे यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. होय, कायदा राखणाऱ्यांवरच! न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे जवळजवळ महिनाभर चौकशी चालली. साक्षीदार आले, प्रश्न विचारले गेले, सगळं लिहून घेतलं गेलं. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं की खटला चालवण्याइतका पुरावा नाही, आणि त्यांना सोडून दिलं. निकाल सगळ्यांना पटला असं मुळीच नाही. पण मुद्दा लक्षात घ्या: तारा लावलेल्या माणसालाही उत्तर द्यावं लागलं.

आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला वेगळी प्राधिकरणं नेमा, असं २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या खटल्यात राज्यांना सांगितलं. नियम सगळ्यांना. गणवेशवाल्यालाही.

"आणि आपल्या 'शोले'मध्ये?" भाचेबुवांनी हुकमाचं पान टाकलं. खरंच, १९७५ सालचा 'शोले' म्हणजे आपला देशी वेस्टर्नच! पण त्याचीही एक गोष्ट आहे. आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला स्वतःच मारून टाकतो. सेन्सॉर मंडळाने त्याला हरकत घेतली, म्हणून शेवट पुन्हा चित्रित केला गेला. चित्रपटगृहांत लोकांनी वर्षानुवर्षं पाहिला तो हा दुसरा शेवट. ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला पकडून नेतात. ठाकूर स्वतः एकेकाळचा पोलीस अधिकारी, त्यामुळे हे त्याला कळायलाच हवं होतं, नाही का?

भाचेबुवा गप्प बसले. पटलं होतं असं नाही. सूड घेणारा ठाकूर त्यांना जास्त आवडला असता, हे तोंडावर दिसत होतं.

रस्त्यावरचे मामा

सोमवारी सकाळी त्याला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी स्कूटर काढली. हेल्मेट डोक्यावर ठेवलं. भाचेबुवा मागे बसले आणि आम्ही निघालो.

वाटेत मोठा चौक लागतो. सिग्नल लाल होता. पण चौकात वाहतूक पोलीस नव्हता. वाहतूक पोलिसाला आपण सगळे काय म्हणतो, हे सांगायला नको. मामा! तर मामा नाहीत, हे दिसताच एक मोटारसायकल सुळकन निघून गेली. तिच्या मागे दुसरी. मग एक मोटार. एक काकू झेब्रा क्रॉसिंगवर अर्ध्यात अडकल्या. ना पुढे जाता येईना, ना मागे. तेवढ्यात पलीकडून मामा शिट्टी वाजवत आले. आणि काय चमत्कार! सगळी वाहनं पांढऱ्या पट्ट्याच्या मागे, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखी.

"मामा आले की सगळे शहाणे," मागून आवाज आला. मी हसलो. आणि तेवढ्यात दुसरा प्रश्न आला.

"मामा, तुम्ही हेल्मेटचा पट्टा का लावला नाही? आणि मला हेल्मेट का नाही?"

"अरे, जवळच तर जायचंय..."

"मग आपण कुठल्या टोपीवाले? काळ्या की पांढऱ्या?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डब्यावर नुसतं ठेवलेलं झाकण. डबा पडला की झाकण आधी उडतं! मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, असं कायदा सांगतो. हे मला माहीत होतं. पण मी हेल्मेट घालत होतो ते डोक्यासाठी नव्हे, मामांसाठी.

आणि मला तर हे कळायलाच हवं होतं. १९९६ सालची गोष्ट. आम्ही कॉलेजात होतो. माझा एक मित्र घराजवळच, अगदी कमी वेगात असताना गाडीवरून पडला. हेल्मेट नव्हतं. 'जवळच तर जायचंय' हे त्याचंही वाक्य होतं. गर्दी जमली. पण कोणी हात लावेना. "पोलिसांची भानगड नको," "जबाब द्यावा लागेल," "कोर्टाच्या खेपा कोण घालणार?" अशी कुजबुज. वेस्टर्नमध्ये गावकरी खिडक्या लावून घेतात ना, अगदी तसंच! शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मित्र वाचला. पण आजही त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. फोन नेहमी डावीकडे धरतो.

त्या गर्दीची भीती अगदीच खोटी होती असं नाही. मदत करणाऱ्यालाच तासन् तास थांबवून घेतल्याच्या गोष्टी तेव्हा ऐकायला यायच्या. पण आता नियम बदलला आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सूचना मान्य केल्या, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही. नाव सांगायचं की नाही, हेही त्याच्याच मर्जीवर. तुम्ही लहान असलात तरी ११२ नंबर फिरवू शकता. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८. हे दोन आकडे पाठच करून टाका.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे सरासरी दर तीन मिनिटांना एक! इतक्या रस्त्यांवर, इतक्या वळणांवर एकेक मामा उभा करायचा म्हटलं तर माणसं पुरायची नाहीत. आणि प्रत्येक हेल्मेटचा पट्टा तपासायला कॅमेरा तरी कुठे कुठे लावणार?

आठवी-नववीतल्या दोस्तांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी आणखी एक गोष्ट. 'सोसायटीतच फिरवतो' म्हणत स्कूटर बाहेर काढायचा मोह होतो ना? सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा. बाकी दुचाकींना अठरा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद! आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा किल्ली मागण्याआधी आणि किल्ली देण्याआधी दोघांनीही विचार करा.

पाच रुपयांची तक्रार

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोन कामं केली. एक, भाचेबुवांसाठी हेल्मेट आणलं. दोन, तक्रार लिहायला बसलो.

त्याने पहिलंच वाक्य लिहिलं: 'तो दुकानदार चोर आहे.'

मी म्हटलं, "हे खोड."

"का? आहेच तो चोर!"

"ते तुझं मत झालं. घटना काय घडली ते लिही. कधी, कुठे, काय, किती, आणि आपलं मागणं काय."

बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर दुसरा खर्डा तयार झाला. अमुक तारखेला, अमुक वाजता, या दुकानात एक बाटली घेतली. छापील किंमत २० रुपये. घेतले २५. मागणं: जास्तीचे पाच रुपये परत मिळावेत आणि पुढे कोणाकडूनही जास्त घेऊ नयेत. पाच ओळी! पण आता त्या वाचणाऱ्याला काहीतरी करता येण्यासारखं होतं. रिकामी बाटली त्याने फेकलेली नव्हती, हे नशीब. तोच पुरावा.

आता नियम काय सांगतो? पाकीटबंद वस्तूवर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, म्हणजेच एमआरपी, तिच्यात सगळे कर धरलेले असतात. दुकानदाराने त्यापेक्षा कमी घेतले तर चालतं, जास्त नाही. 'थंड करायचे वेगळे' असं दुकानात चालत नाही. हॉटेलात टेबलाशी बसून मागवलेल्या बाटलीची गोष्ट निराळी. तिथे बसायची जागा, वाढणं अशी सेवाही असते, म्हणून हॉटेलवाल्यांना छापील किमतीचं बंधन नाही, असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आमची बाटली मात्र सरळ दुकानाच्या फ्रिजमधून आली होती.

मंगळवारी आम्ही आधी दुकानातच गेलो. तक्रारीची पहिली पायरी तीच. दुकानदार म्हणाला, "फ्रिजचं लाइट बिल कोण भरणार? तुम्ही?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. भाचेबुवा म्हणाले, "काका, पण २० मध्ये तुमचं कमिशन असतं ना? बिल त्यातून." आवाज थोडा कापत होता, पण 'काका' म्हणायला विसरले नाहीत. दुकानदाराने पाचाचं नाणं काउंटरवर आपटलं. "घे बाबा!"

झालं, जिंकलो? नाही. बुधवारी त्याच्या वर्गातल्या मुलीकडून त्याच दुकानदाराने पुन्हा २५ घेतले. म्हणजे पाच रुपये परत मिळाले ते आम्हाला गप्प करायला!

मग दुसरी पायरी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. वजनमापे विभागाकडेही अशी तक्रार करता येते. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील घ्यावाच लागतो असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. आणि ग्राहक अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने आईवडील तक्रार करू शकतात. कायद्याने तुम्हा मुलांनाही ग्राहक मानलंय, बरं का!

हे सगळं आपोआप मिळालेलं नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाच नव्हता. अनेकांच्या खटपटीनंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणून २४ डिसेंबर हा आपला राष्ट्रीय ग्राहक दिन. नवा कायदा २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. 'पाच रुपयांसाठी कोण भांडत बसणार' असं सगळेच म्हणत राहिले असते, तर यातलं काहीच झालं नसतं.

१९१५ ला फोन कोणी केला असेल? माझ्या बहिणीने! "सोडून द्या" म्हणणाऱ्या बाईसाहेब स्वतःच मुलाच्या पाच ओळी समोर ठेवून फोनवर सगळं सांगत होत्या. त्या मुलीच्या आईनेही वेगळी तक्रार केली. तक्रारीचा क्रमांक मिळाला. तो कागदावर लिहून भाचेबुवांनी कंपासपेटीत ठेवलाय. निकाल अजून यायचा आहे. रोज विचारतात, "मामा, आलं का काही?" मी म्हणतो, "टूम्बस्टोनलासुद्धा महिना लागला होता रे!"

आजोबांना मात्र हे सगळं फार हळू वाटतं. काठी आपटणारा हवालदार बरा होता, असं ते अजूनही म्हणतात. त्यांचं मत त्यांच्यापाशी.

परवा सकाळी पुन्हा स्कूटर काढली. दोघांच्या डोक्यावर हेल्मेटं. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात मागून खांद्यावर टकटक झाली.

"मामा, पट्टा!"

मी पट्टा लावला. टक्! मग आम्ही निघालो. चौकात सिग्नल लाल होता. वाहतुकीचे मामा नव्हते. आम्ही थांबलो.